कामावरील मृत्यूची भरपाई : दायित्व मालकाचे, पैसे विमा कंपनीचे आणि मधली वाट

धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून घराबाहेर पडला. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघात झाला आणि त्याचा मृत्यू झाला. कामगार भरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये त्याच्या कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि त्यावर १२ टक्के व्याज मंजूर केले. मृत्यू कारखान्याच्या आवारात झालेला नाही, तो कामावर जाताना वाटेत झाला, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते मान्य करून आयुक्तांचा आदेश रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारून आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. अपघात आणि अंतिम निकाल यांच्यात बावीस वर्षांचे अंतर होते.

या प्रकरणात वाद कारखान्यापेक्षा विमा कंपनीनेच अधिक नेटाने लढवला. देशभरातील अशा दाव्यांत हेच चित्र वारंवार दिसते. कामगार दगावतो, मालक विम्याकडे बोट दाखवतो, विमा कंपनी पॉलिसीतील अटींकडे बोट दाखवते आणि कुटुंब मधल्या मध्ये राहते. म्हणून भरपाई देण्याचे दायित्व कायद्याने कोणावर टाकले आहे आणि विमा कंपनी त्यात कोठे व कितपत बांधली जाते, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे.

मूळ दायित्व मालकाचेच

कामगार भरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने, जानेवारी २०१० पासून, त्याच्या नावात ‘कामगारा’ऐवजी ‘कर्मचारी’ आला. कायद्याचे मर्म तिसऱ्या कलमात आहे. नोकरीतून आणि नोकरीच्या ओघात उद्भवलेल्या अपघाताने कर्मचाऱ्याला इजा झाली, तर भरपाई देण्यास मालक जबाबदार असतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. यंत्र सदोष होते का, पर्यवेक्षकाने दुर्लक्ष केले का, हे प्रश्न येथे गैरलागू ठरतात.

याच कलमात मालकाला काही बचाव दिलेले आहेत. कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडले, संरक्षक साधन मुद्दाम काढून ठेवले, हे ते बचाव. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास यांपैकी एकही बचाव चालत नाही. ‘त्याने हेल्मेट घातले नव्हते’ किंवा ‘तो प्यायलेला होता’ असे सांगून अनेक कुटुंबांना आजही दारातूनच परत पाठवले जाते. मृत्यूच्या दाव्यात या वाक्यांना कायद्यात आधार नाही. जे बचाव मालकाला मिळत नाहीत, ते त्याच्या वतीने उभ्या राहणाऱ्या विमा कंपनीलाही मिळू शकत नाहीत.

या कायद्याने मालकावर दायित्व टाकले, पण ते विम्याने झाकून घेण्याची सक्ती सर्वसाधारणपणे केली नाही. बांधकाम, कारखाना, दुकान, शेतीप्रक्रिया या ठिकाणी मालक पॉलिसी घेतो ती स्वतःच्या सोयीसाठी. त्यामुळे विमा कंपनीचे दायित्व कायद्यातून थेट जन्मत नाही; ते मालकाशी झालेल्या करारातून येते आणि कराराच्या शब्दांइतकेच लांब-रुंद असते.

याला मोठा अपवाद वाहनांचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४७ नुसार वाहनाच्या सक्तीच्या विम्यातच चालक, सार्वजनिक सेवा वाहनातील वाहक व तिकीट तपासनीस, तसेच मालवाहू वाहनातून नेले जाणारे कर्मचारी यांच्याबाबतचे भरपाई कायद्याखालील दायित्व समाविष्ट असावे लागते. म्हणजे ट्रकचालकाच्या कुटुंबासमोर उभी असलेली विमा कंपनी आणि गवंड्याच्या कुटुंबासमोर उभी असलेली विमा कंपनी यांची कायदेशीर स्थिती एकसारखी नाही. पहिलीला कायद्याने बांधले आहे, दुसरीला केवळ कराराने. वाहन अपघातात कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त यांपैकी एकाच दाराने जाता येते. कलम १६७ दोन्हीकडून भरपाई घेऊ देत नाही आणि एकदा केलेली निवड सहसा बदलता येत नाही. न्यायाधिकरणात वाहन चालवणाऱ्याचा दोष पाहिला जातो, पण रकमेला वेतनमर्यादेचे कुंपण नसते. आयुक्तांसमोर दोष पाहिला जात नाही, पण रक्कम ठरीव सूत्रात बसते. चालकाच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला असेल, तर त्याच्या कुटुंबासाठी दुसरा मार्गच सहसा व्यवहार्य असतो.

रक्कम कशी ठरते

मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाचा निम्मा भाग आणि वयानुसार ठरलेला गुणक यांचा गुणाकार म्हणजे भरपाई. ती १,२०,००० रुपयांहून कमी भरली तरी किमान तेवढी रक्कम द्यावी लागते. चौथ्या परिशिष्टातील गुणक सोळा वर्षांपर्यंत २२८.५४ पासून सुरू होऊन पासष्टीला ९९.३७ पर्यंत उतरतो. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३१ मे २०१० पासून ८,००० रुपये होती. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये झाली.

तीस वर्षांचा, महिना १८,००० रुपये मिळवणारा कामगार घ्या. मर्यादेमुळे वेतन १५,००० धरले जाईल, त्याचे निम्मे ७,५००. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. गुणाकार १५,५९,८५० रुपये. तोच कामगार पन्नास वर्षांचा असेल, तर गुणक १५३.०९ आणि रक्कम ११,४८,१७५ रुपये. याखेरीज जुन्या कायद्याखाली अंत्यसंस्काराचा खर्च म्हणून किमान ५,००० रुपये असत. वयाचा पुरावा आणि वेतनाचा पुरावा या दोन कागदांवर लाखांचा फरक पडतो. विमा कंपनीचा पहिला हल्लाही बहुधा याच दोन कागदांवर होतो.

व्याज आणि दंड : खरा तंटा येथे

मूळ रकमेपेक्षा अधिक वाद व्याजावर झाले आहेत, आणि त्याला कारण आहे. कलम ४-अ नुसार भरपाई देय होताच चुकती करायची असते. एक महिन्याहून अधिक विलंब झाल्यास द. सा. १२ टक्के सरळव्याज लागते आणि विलंबाला सबळ कारण नसेल, तर मालकाचे म्हणणे ऐकून मूळ रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. दोन्ही रकमा कुटुंबालाच मिळतात.

पण रक्कम ‘देय’ होते केव्हा? आयुक्तांनी आदेश दिल्यावर की अपघाताच्या दिवशी? सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठाने १९७५ मध्येच, एका सुताराचा हात गेलेल्या प्रकरणात, अपघाताच्या दिवशी असे उत्तर दिले होते. तरीही २००७ च्या एका निकालात दोन न्यायाधीशांच्या पीठाने आदेशाची तारीख धरली आणि विमा कंपन्यांनी पुढे काही वर्षे तो निकाल ढालीसारखा वापरला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की मोठ्या पीठाचाच निर्णय बंधनकारक आहे; व्याज अपघातापासून मोजायचे. वरच्या उदाहरणातील कामगाराच्या रकमेवर वर्षाला १,८७,१८२ रुपये व्याज होते. दावा पाच वर्षे रेंगाळला, तर ते ९,३५,९१० रुपयांवर जाते. आदेशापासून व्याज धरले असते, तर यातील एक पैसाही मिळाला नसता.

हे व्याज कोणी भरायचे? वाहनांच्या विम्याबाबत १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखली. मूळ भरपाई आणि व्याज ही विमा कंपनीची जबाबदारी, दंड मात्र मालकाचा स्वतःचा. दंड हा मालकाच्या वैयक्तिक कसुरीबद्दल असतो, आणि ती कसूर विम्याच्या पोटात घालता येत नाही, असा त्यामागचा विचार आहे.

वाहनाव्यतिरिक्त पॉलिसींबाबत मात्र २००६ मध्ये चित्र पालटले. गुजरातमधील एका प्रकरणात न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या पॉलिसीत व्याज व दंड वगळल्याची स्पष्ट अट होती. विमा सक्तीचा नसल्याने पक्षकारांना अशी अट घालता येते आणि ती वैध आहे, असे न्यायालयाने ठरवले. परिणामी मूळ रक्कम विमा कंपनी देते आणि व्याज मालकाच्या खिशातून यावे लागते. मालक लहान कंत्राटदार असेल, काम संपवून दुसऱ्या राज्यात गेला असेल, तर आदेशात लिहिलेले नऊ लाखांचे व्याज कागदावरच राहते. उशीर बहुतांशी विमा कंपनीच्या हरकतींमुळे व्हावा आणि त्या उशिराची किंमत मात्र तिने देऊ नये, हा या अटीचा सर्वांत खटकणारा भाग आहे. कराराच्या तर्काने ती बरोबर असली, तरी विधवेच्या दृष्टीने तिचे समर्थन करणे अवघड आहे.

‘नोकरीच्या ओघात’ म्हणजे कोठपर्यंत

विमा कंपनीचे दायित्व मालकाच्या दायित्वाहून मोठे असू शकत नाही. मृत्यू नोकरीशी जोडलेलाच नसेल, तर मालक सुटतो आणि त्याच्यामागून कंपनीही. म्हणून निम्म्याहून अधिक युक्तिवाद या चार शब्दांभोवती फिरतो.

१९५८ मध्ये सौराष्ट्रातील एका मिठागराच्या प्रकरणात, काम आटोपून होडीने खाडी ओलांडताना बुडालेल्या मजुरांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. ती वाट सर्वांची होती, कामाची नव्हती, असे त्याचे कारण. पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या प्रकरणात मात्र उलट निर्णय झाला. पाळी संपवून दुसऱ्या बसने घरी निघालेला चालक अपघातात दगावला होता. गणवेशातील चालकांना बसने फुकट जाण्याची मुभा ही सेवा सुरळीत चालावी म्हणूनच दिलेली होती, तेव्हा तो प्रवासही नोकरीचाच भाग, असे न्यायालयाने मानले. मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात चालक डेपोच्या दारात राहत नाही, हे वास्तव त्या निकालाने ओळखले होते.

वाहनांवरील कामगारांची प्रकरणे वाचली, की एखाद्या वस्तुस्थितीने पारडे कसे फिरते ते दिसते. प्रवाशांना देवस्थानी नेल्यावर तलावाच्या पायरीवरून घसरून बुडालेल्या चालकाचा दावा २००९ मध्ये फेटाळला गेला. पायरीवर बसण्याचा वाहन चालवण्याशी संबंध नव्हता. ट्रकच्या क्लीनरला हृदयविकाराचा झटका आला, पण कामाच्या ताणाचा पुरावा आला नाही, म्हणून २००६ मध्ये दावा टिकला नाही. याउलट दिल्लीहून निघून ११०० किलोमीटरहून अधिक अंतर कापल्यावर ढाब्यावर कोसळलेल्या ट्रकचालकाच्या कुटुंबाला २०१२ मध्ये भरपाई मिळाली. अखंड चालवण्याचा ताण मृत्यूला कारण ठरला, हे न्यायालयाने परिस्थितीवरूनच मानले. २०१९ मध्ये, चोवीस तास बसबरोबरच राहणाऱ्या आणि टपावर जेवून खाली उतरताना पडलेल्या चालकाच्या बाबतीतही निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला. बसजवळ थांबणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता.

यावरून कुटुंबांनी व त्यांच्या वकिलांनी ध्यानात घ्यावे असे एकच आहे. हृदयविकाराच्या दाव्यात ‘तो कामावर होता’ एवढे सांगून भागत नाही. किती तास काम केले, किती अंतर कापले, विश्रांती मिळाली का, आधी आजार होता का, याचा पुरावा पहिल्याच सुनावणीपासून उभा करावा लागतो. उच्च न्यायालयात अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते; वस्तुस्थितीतील उणीव तेथे भरून काढता येत नाही.

धाराशिवच्या प्रकरणात न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० पासून असलेले कलम ५१-ई घर ते कामाच्या ठिकाणादरम्यानचा अपघात, वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध असल्यास, नोकरीतलाच धरते. हे कलम खुलासा करणारे असल्याने आधीच्या अपघातांनाही लागू होते आणि दोन्ही कायद्यांतील शब्द सारखेच असल्याने भरपाई कायद्याचाही अर्थ तसाच करायचा, असे न्यायालय म्हणाले. पहाटे तीनला हजर राहायचे असलेला रखवालदार त्या वेळी रस्त्यावर दुसऱ्या कोणत्या कारणाने असणार? निकालाची सारी भिस्त या साध्या निरीक्षणावर आहे.

कंपनी नकार कशावर देते

एकदा मालकाचे दायित्व ठरले, की पॉलिसीचे शब्द पुढे येतात. दहा मजुरांचा विमा उतरवून पंचवीस जणांना कामावर ठेवलेले असते. हप्ता कमी बसावा म्हणून वेतन कमी दाखवलेले असते. पॉलिसीत एका साईटचा पत्ता असतो आणि अपघात दुसऱ्या साईटवर झालेला असतो. हेल्पर म्हणून नोंदवलेला माणूस उंचीवर चढून काम करत असतो. हप्ता मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही, असे विमा कायदा, १९३८ चे कलम ६४-व्हीबी सांगते. त्यामुळे अपघातानंतर घाईघाईने भरलेला हप्ता उपयोगाचा नसतो. या सर्व त्रुटी मालकाच्या असतात, मृत कामगाराची त्यात काहीच चूक नसते. त्यामुळे कंपनीचे दायित्व कमी झाले किंवा संपले, तरी मालकाचे एका रुपयानेही कमी होत नाही. कंपनी सुटली म्हणून दावा बुडाला, असा समज करून घेण्याचे कारण नाही.

आणखी एक गोंधळ सर्रास आढळतो. अनेक ठेकेदार ‘आमच्या मजुरांचा विमा आहे’ असे सांगतात, तेव्हा त्यांच्याकडे सामूहिक वैयक्तिक अपघात पॉलिसी असते. तिच्यातून ठरावीक रक्कम मिळते. भरपाई कायद्याखालील दायित्व तिने झाकले जात नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘एम्प्लॉइज कॉम्पेन्सेशन’ असे शब्द आहेत की ‘पर्सनल ॲक्सिडेंट’, हे पाहण्यास अर्धा मिनिट लागतो.

मुकादम किंवा पोटकंत्राटदारामार्फत आणलेल्या मजुरांच्या बाबतीत कलम १२ महत्त्वाचे. मूळ मालकाच्या नेहमीच्या धंद्याचे काम कंत्राटदाराकरवी होत असेल, तर कुटुंब थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकते. मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. मात्र मूळ मालकाच्या पॉलिसीत कंत्राटी मजूर धरलेले आहेत की नाहीत, हे पुन्हा पॉलिसीवरच अवलंबून असते. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर होणाऱ्या मृत्यूंत हा प्रश्न हमखास निघतो.

मालक दिवाळखोर झाला किंवा कंपनी गुंडाळली गेली तर? कलम १४ नुसार विमा कंपनीविरुद्धचे मालकाचे हक्क कर्मचाऱ्याकडे येतात. विम्याचे पैसे इतर धनकोंच्या वाट्याला जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. कंपनीला मालकाशी केलेल्या कराराहून जास्त मात्र द्यावे लागत नाही. कमी पडणाऱ्या रकमेसाठी कुटुंबाला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा लावावा लागतो.

मृत कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर वरील बहुतेक चर्चा लागू होत नाही. त्या कायद्याचे कलम ५३ भरपाई कायद्याखालील दावा रोखते. कुटुंबाला राज्य विमा महामंडळाकडून सरासरी वेतनाच्या ९० टक्के दराने अवलंबितांचे मासिक लाभ मिळतात. ही योजना २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्यांसाठी आहे.

नवी संहिता आणि जुने दावे

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला. भरपाईची चौकट बव्हंशी तीच आहे. मात्र कामावर जाता-येतानाचा अपघात, नोकरीशी संबंध असल्यास, नोकरीतलाच मानण्याची तरतूद आता संहितेच्या मजकुरातच आहे. आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे. वेतनाची व्याख्याही बदलली असून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनात धरला जातो. ज्या मालकांनी मूळ वेतन नाममात्र ठेवून भत्ते फुगवले होते, त्यांची भरपाईची रक्कम आणि विम्याचा हप्ता दोन्ही त्यामुळे वाढू शकतात. त्याआधीच्या अपघातांतून निर्माण झालेले हक्क जुन्या कायद्यानुसारच तपासले जातील, आणि असे दावे देशभर मोठ्या संख्येने प्रलंबित आहेत.

जुन्या कायद्याखालील दाव्यांची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे होती. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. अर्ज कोठे करायचा, हा प्रश्न परराज्यांत काम करणाऱ्या कुटुंबांना हमखास पडतो. सुरतेत किंवा हैदराबादेत दगावलेल्या मजुराच्या पत्नीला तेथेच खेटे घालावे लागत नाहीत. अपघात जेथे झाला तेथे, मालकाचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे तेथे, किंवा दावा करणारे कुटुंब जेथे राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. बीड वा नांदेड येथील अर्जात दूरच्या मालकाबरोबर त्याच्या विमा कंपनीलाही पहिल्या दिवसापासून प्रतिवादी करणे श्रेयस्कर. तिला नंतर सामील करण्यात महिने जातात.

मृत्यूची भरपाई मालकाने कुटुंबाच्या हाती परस्पर देऊन चालत नाही. ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल तेवढी थेट देता येते. काही हजार रुपये देऊन, कागदावर अंगठा घेऊन ‘आता काही देणे नाही’ असे लिहून घेतले असेल, तर कलम १७ नुसार तो करार शून्यवत ठरतो. जमा झालेल्या रकमेची पत्नी, मुले, आई आदी अवलंबितांत वाटणी आयुक्त करतात आणि अल्पवयीन मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवण्याचा आदेश देऊ शकतात.